चित्रपट-शिक्षणाचा उंबरठा

पदवी परीक्षेचे निकाल लागले की मध्यमवर्गीय घरांतून 'पुढे काय?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. बँकेची परीक्षा, लोकसेवा आयोग, बी.एड., व्यवस्थापनाची पदविका, संगणकाचा एखादा अभ्यासक्रम ही उत्तरे घरातील वडीलधाऱ्यांच्या परिचयाची असतात. त्यांचा खर्च किती, त्यांतून नोकरी कोणती मिळते आणि ती मिळेपर्यंत घराने किती वर्षे कळ सोसावयाची, याचा अंदाज त्यांना बांधता येतो. मात्र मुलाने अथवा मुलीने पुण्याच्या चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेत अर्ज करण्याची इच्छा व्यक्त केली, तर हा अंदाज कोलमडतो. तेथे प्रवेश कसा मिळतो, शिकवतात काय आणि शिकून पोटाला काय मिळते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांपाशी नसते. मग 'आधी नोकरी लागू दे, हौस पुढे पाहू', या वाक्याने विषय मिटविला जातो.

चित्रपट-शिक्षणाच्या प्रवेशाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा प्रवेश-परीक्षेच्या काठिण्याभोवती फिरते. देशभरातून अर्ज येतात, एकेका शाखेत जागा जेमतेम दहा-बारा असतात, तेव्हा स्पर्धा तीव्र असणारच. परंतु खरी निवड परीक्षागृहात होते, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. अर्ज करावा असे ज्यांना सुचलेच नाही, सुचले तरी ज्यांना परवडले नाही, आणि परवडले तरी परीक्षा ज्या प्रकारची जाण मोजू पाहते ती ज्यांना आयुष्यात कधी मिळाली नाही, अशांची गाळणी परीक्षेच्या पुष्कळ आधी झालेली असते. या गाळणीचा हिशेब कोणत्याही निकालपत्रकात सापडत नाही. तो मांडणे आवश्यक आहे. कारण ही संस्था सार्वजनिक पैशावर उभी आहे.

प्रशिक्षणाचा खर्च कोणी सोसायचा?

चित्रपटविद्या शिकण्यासाठी धडपड केलेल्या पहिल्या मराठी माणसाने तो खर्च स्वतःच्या संसारावर घेतला होता. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले ते आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून. तेथे हेपवर्थ यांच्या कलागृहात त्यांनी चित्रनिर्मितीचे तंत्र पाहिले, कॅमेरा विकत घेतला आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. फाळके यांचे साहस गौरवास पात्र आहेच. पण शिक्षणाचा सारा धोका एका कुटुंबाने उचलावा, ही व्यवस्था म्हणून अनुकरणीय नव्हती. सरस्वतीबाई फाळके यांच्यासारखी सोबत प्रत्येकाला लाभत नाही.

पुढच्या पिढीने वेगळी वाट शोधली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि तिच्या आवारात व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर ही मंडळी घडली. पडदे रंगविणे, सामान वाहणे, फिल्म धुणे, छायालेखन करणे आणि प्रसंगी अभिनयही करणे, असे हे शिक्षण होते. याच मंडळींनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या आर्थिक साहाय्याने १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३३ मध्ये ती पुण्यास आली. तिच्या 'संत तुकाराम' या १९३६ च्या चित्रपटाला पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव लाभला. हा चित्रपट घडविणाऱ्या दामले-फत्तेलाल यांनी कोणत्याही चित्रपट-विद्यालयाचे तोंड पाहिले नव्हते. स्टुडिओ हीच त्यांची शाळा होती, आणि या शाळेचे वैशिष्ट्य असे की शिकणाऱ्याला तेथे शुल्क भरावे लागत नसे, उलट थोडेफार का होईना वेतन मिळत असे. गरीब घरातील हुन्नरी मुलाला ही गोष्ट निर्णायक होती.

स्टुडिओला हे परवडत असे, कारण शिकविलेला माणूस पगारी नोकर म्हणून वर्षानुवर्षे तेथेच राहत असे. शिकविण्यावर केलेला खर्च त्याच्या कामातून भरून निघे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही घडी विस्कटली. युद्धकाळातील नफ्याचा पैसा चित्रधंद्यात शिरला, नट-नटी व तंत्रज्ञ चित्रपटागणिक कराराने काम करू लागले, आणि पगारी स्टुडिओ एकामागून एक मोडीत निघाले. प्रभातचाही शेवट १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत झाला. नव्या व्यवस्थेत शिकाऊ माणसावर खर्च करणाऱ्या निर्मात्याला त्याचा लाभ मिळण्याची शाश्वती उरली नाही. आज आपण शिकवावे आणि उद्या शेजारच्या निर्मात्याने दोन पैसे जास्त देऊन त्याला न्यावे, अशी स्थिती आली की कोणीच शिकवीत नाही. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत बाजार-यंत्रणेच्या अपयशाची जी उदाहरणे दिली जातात, त्यांत हे चपखल बसेल.

या पोकळीत शासनाला उतरावे लागले. १९४९ साली नेमलेल्या आणि १९५१ मध्ये अहवाल सादर केलेल्या स. का. पाटील समितीने चित्रपट-शिक्षणासाठी संस्था व चित्रनिर्मितीसाठी वित्तपुरवठ्याची यंत्रणा असावी, अशा शिफारशी केल्या. त्यानुसार १९६० मध्ये प्रभातच्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचा प्रशिक्षण-विभाग दिल्लीहून पुण्यास हलविण्यात आला आणि संस्थेला आजचे नाव व स्वायत्त मंडळाचे स्वरूप मिळाले. कोलकात्याची सत्यजित राय यांच्या नावाची संस्था १९९५ ची. या संस्था म्हणजे हौशी तरुणांवर केलेली सरकारी मेहेरनजर नव्हे. खाजगी धंद्याने टाकून दिलेली जबाबदारी समाजाने उचलली, असा त्यांचा अर्थ आहे. अर्थात ही गोष्ट मान्य केली की दुसरा प्रश्न टाळता येत नाही : समाजाच्या पैशाने मिळणारे हे शिक्षण समाजाच्या कोणत्या थरापर्यंत पोहोचते?

अर्जाआधीची गाळणी

प्रवेशाची रीत वरकरणी उदार आहे. दिग्दर्शन, छायालेखन, संकलन अशा शाखांसाठी कोणत्याही विषयाची पदवी चालते. ध्वनिमुद्रणासाठी बारावीला पदार्थविज्ञान असावे लागते. कला-दिग्दर्शनासाठी चित्रकला, वास्तुविद्या यांसारख्या विषयांची पार्श्वभूमी अपेक्षित असते. लेखी परीक्षा, तीतून निवडलेल्यांसाठी काही दिवसांचा परिचयवर्ग व प्रत्यक्ष काम, आणि शेवटी मुलाखत, अशा टप्प्यांनी निवड होत आली आहे. २०१८ मध्ये पुणे व कोलकाता या दोन संस्थांसाठी संयुक्त प्रवेश-परीक्षा सुरू झाली. केंद्रीय संस्था असल्यामुळे राखीव जागांची तरतूद आहे. नियम वाचले तर कोणालाही मज्जाव नाही असेच वाटते.

अडचण येते ती खर्चाच्या रकान्यात. डिसेंबर २०१९ मध्ये पुण्याच्या संस्थेतील काही विद्यार्थ्यांनी उपोषण केले. वार्षिक शुल्कात दरवर्षी १० टक्के वाढ होत जाते, आणि प्रवेश-परीक्षेचे शुल्कच अधिक शाखांसाठी अर्ज करणाऱ्याला १०,००० रुपयांपर्यंत पडते, या त्यांच्या मुख्य तक्रारी होत्या. दहा टक्के हा आकडा कानाला सौम्य वाटतो. परंतु चक्रवाढीच्या साध्या गणिताने पाहिले तर दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढणारी रक्कम सव्वासात वर्षांत दुप्पट आणि साडेचौदा वर्षांत चौपट होते. आज पाचवीत असलेला मुलगा पदवीधर होईपर्यंत शुल्क दुपटीच्या पुढे गेलेले असेल, असा याचा अर्थ. खाजगी चित्रपट-विद्यालयांच्या मानाने सरकारी संस्थेचे शुल्क कमी असते हे खरे. पण ज्याला खाजगी विद्यालयाचा विचारही करता येत नाही, त्याच्या दृष्टीने ही तुलना निरर्थक आहे.

अर्जाच्या शुल्काचा स्वभाव तर आणखी वेगळा आहे. शिक्षण-शुल्काच्या बदल्यात निदान शिक्षण मिळते. अर्जाचे शुल्क शंभरांतील बहुसंख्यांना काहीच न मिळता भरावे लागते. सुखवस्तू घराला ती लॉटरीच्या तिकिटाची किंमत वाटते, तर तालुक्याच्या गावी शिकवण्या करून महिना काढणाऱ्या पदवीधराला ती पंधरा दिवसांची कमाई असू शकते. अर्जांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी किंमत वाढविणे हा उपाय बाजारात योग्य असेल. गुणवत्ता शोधण्यास निघालेल्या सार्वजनिक संस्थेने तो वापरला, तर सर्वांत गरजू उमेदवार सर्वांत आधी गळतो, मग त्याची गुणवत्ता काही का असेना.

शुल्काहूनही मोठा खर्च पावतीवर दिसत नाही. तीन वर्षे शिकायचे म्हणजे तीन वर्षांची मिळकत सोडायची. धाकट्या भावंडांची शिक्षणे, बहिणीचे लग्न, घराचे हप्ते यांचा भार असलेल्या कुटुंबात पदवीधर मुलाची तीन वर्षे म्हणजे संस्थेच्या शुल्काहून मोठी रक्कम असते. त्यातही ही तीन वर्षे तीनच राहतील याची खात्री नसते. २०१५ साली २००८ च्या तुकडीचे विद्यार्थी आपले पदविका-चित्रपट पूर्ण करीत होते, आणि त्यांच्या अपूर्ण कामाचे मूल्यमापन कसे करावे यावरून मोठा वाद झाला, ही बाब वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचलेली आहे. या दिरंगाईची कारणे काहीही असोत, तिचा आर्थिक भार शेवटी विद्यार्थ्याच्या घरावर पडतो. ज्याच्या घराला तो पेलतो, तोच निश्चिंतपणे अर्ज करतो.

'जाण' येते कोठून?

प्रवेश-परीक्षेच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो. ही परीक्षा पाठांतर तपासत नाही. ती उमेदवाराची दृष्टी, कल्पकता, दृश्य व ध्वनी यांविषयीची संवेदना तपासते. म्हणून ती शिकवणीवर्गांपासून मुक्त आणि सर्वांना समान आहे, असे मानले जाते. हेतू निःसंशय चांगला आहे. तथापि दृष्टी आणि संवेदना या निसर्गदत्त देणग्या आहेत असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. राय, घटक, कुरोसावा, बर्गमन यांचे चित्रपट ज्याने पाहिले आहेत, ज्याच्या घरी चार पुस्तके व एखादा कॅमेरा होता, ज्याने महाविद्यालयात असताना महोत्सवांची तिकिटे काढली, त्याला एखाद्या दृश्याचे विश्लेषण करा म्हटले की लेखणी चालवता येते. ज्याच्या तालुक्यातील एकमेव चित्रपटगृह केव्हाच बंद पडले आणि ज्याने चित्रपट म्हणून काय ते छोट्या पडद्यावर जाहिरातींच्या गर्दीत पाहिले, त्याच्यापाशी अनुभव कमी नसतो. त्या अनुभवाला लागणारी परिभाषा नसते. परीक्षेचा व अध्यापनाचा व्यवहार मुख्यतः इंग्रजी आणि हिंदीतून चालत असल्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या उमेदवाराची ही अडचण दुप्पट होते. मुलाखतीत तो बावरतो आणि त्याचे बावरणे हे विचारांचे दारिद्र्य समजले जाण्याची भीती राहते.

थोडक्यात, स्मरणशक्तीऐवजी जाण तपासणारी परीक्षा गरिबाच्या सोयीची असते, हे गृहीत तपासल्याशिवाय स्वीकारता येणार नाही. पाठांतर कोणालाही कंदिलाच्या उजेडात करता येते. अभिरुची घडण्यास सहवास लागतो, आणि सहवास हा घराच्या मिळकतीवर व गावाच्या पत्त्यावर अवलंबून असतो.

पॅरिसच्या ला फेमिस या फ्रेंच राष्ट्रीय विद्यालयाच्या प्रवेशपद्धतीत यावर एक अंशतः उपाय दिसतो. तेथे पहिल्या टप्प्यात उमेदवाराला काही विषय दिले जातात आणि त्यांपैकी एकावर स्वतः हिंडून, माणसांना भेटून, निरीक्षणे व छायाचित्रे जमवून एक शोध-वही तयार करावयास सांगितले जाते. तीन तासांच्या उत्तरपत्रिकेपेक्षा अशा वहीत उमेदवाराची नजर अधिक निःसंदिग्धपणे दिसते. करमाळ्याच्या किंवा किनवटच्या मुलाने आपल्या गावच्या आठवडी बाजारावर, ऊसतोडीच्या तळावर अथवा एस.टी. स्थानकावर अशी वही केली, तर महानगरातील उमेदवाराला त्याच्याशी बरोबरी करणे कठीण जाईल. अनुभवाचे भांडवल त्याच्यापाशी आहे. ते वटविण्याची संधी परीक्षेने दिली पाहिजे.

धोका आणि मोबदला

येथे कोणी म्हणेल की इतक्या बेभरवशाच्या क्षेत्रात सामान्य घरांतील मुलांना ओढण्याचा खटाटोप कशासाठी? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ॲडम स्मिथने १७७६ सालच्या आपल्या ग्रंथात व्यवसायांची तुलना लॉटरीशी केली आहे. मोजक्यांना मोठी बक्षिसे व बहुसंख्यांना काहीच नाही अशा धंद्यांत तरुण माणसे आपल्या नशिबाचा अंदाज नेहमी अधिक धरतात, हे त्याने नमूद करून ठेवले आहे. १९८१ मध्ये शेरविन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले की करमणुकीच्या क्षेत्रात गुणांमधील लहानसा फरकही मिळकतीत प्रचंड फरक घडवून आणतो, कारण एकाच कलावंताची कृती लाखोंपर्यंत पोहोचू शकते. चित्रपट-दिग्दर्शन हे याचे नमुनेदार उदाहरण होय. अर्ज करणाऱ्याने हे डोळसपणे समजून घेतले पाहिजे, आणि पालकांनीही.

परंतु चित्रपट-शिक्षण म्हणजे केवळ दिग्दर्शन नव्हे. संकलन, ध्वनिमुद्रण, छायालेखन या शाखांतून निघणारा विद्यार्थी एक कौशल्य घेऊन बाहेर पडतो, आणि कौशल्याला वाहिन्या, माहितीपट, जाहिराती, शैक्षणिक चित्रफिती अशी अनेक ठिकाणी मागणी असते. केरळातील कोल्लम जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेले रसूल पुकुट्टी हे पुण्याच्या संस्थेत ध्वनिमुद्रणच शिकले आणि २००९ साली ऑस्कर पारितोषिकाचे मानकरी झाले. असे यश अपवादात्मकच. पण ध्वनी ही शाखा किती जणांना अर्ज भरताना सुचते? दिग्दर्शनाच्या दारापाशी रेटारेटी आणि शेजारच्या दारांची कोणाला वार्ता नाही, हा माहितीच्या अभावाचा परिणाम आहे. तो दूर करण्यास फारसा पैसा लागत नाही. महाविद्यालयांतील शिक्षकांनी माहितीपत्रक वाचून दाखविले तरी पुष्कळ काम होईल.

सुरक्षित वाट सोडून येथे आलेल्यांचा इतिहासही विसरता येत नाही. अडूर गोपालकृष्णन यांनी गांधीग्राम येथे अर्थशास्त्र, राज्यशास्त्र व लोकप्रशासन या विषयांचा अभ्यास केला, सरकारी नोकरी धरली आणि १९६२ साली ती सोडून ते पुण्यास आले. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी शिक्षण पूर्ण केले. केरळात परतल्यावर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रपट-मंडळ आणि सहकारी निर्मितिसंस्था उभारल्या. १९७२ च्या 'स्वयंवरम्'ने मल्याळी चित्रपटाला वेगळे वळण दिले. त्या काळी शिष्यवृत्ती नसती तर एका सरकारी नोकरीतला माणूस हा निर्णय घेऊ शकला असता काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, कान महोत्सवातील विद्यार्थी-चित्रपटांच्या विभागात पहिले पारितोषिक मिळविणारे चिदानंद नाईक हे वैद्यकीय पदवीधर. दूरचित्रवाणी विभागाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात त्यांनी तो लघुपट केला. त्याच वर्षी त्याच महोत्सवात पायल कपाडिया या माजी विद्यार्थिनीच्या चित्रपटाला ग्राँ प्री हा सन्मान लाभला. मराठीत 'वळू', 'विहीर', 'देऊळ' हे चित्रपट देणारे उमेश कुलकर्णी याच संस्थेचे विद्यार्थी. एका लहानशा संस्थेकडून समाजाला याहून अधिक परतफेड कोणती हवी?

जिल्ह्याच्या गावची वाट

मात्र सर्व आशा एकाच संस्थेच्या दहा-बारा जागांवर टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर गावचे नागराज मंजुळे यांनी पुणे विद्यापीठातून मराठीची पदव्युत्तर पदवी घेतली आणि नंतर अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचा अभ्यासक्रम केला. त्या अभ्यासाचा भाग म्हणून केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे २०१३ चा 'फँड्री' व २०१६ चा 'सैराट' आला. जिल्ह्याच्या गावी, परवडणाऱ्या खर्चात, मराठी बोलणाऱ्या शिक्षकांच्या हाताखाली शिकण्याची सोय झाली, तर काय घडू शकते याचा हा पुरावा आहे. पुण्या-मुंबईपर्यंत न पोहोचू शकणारी गुणवत्ता जिल्ह्याच्या ठिकाणी थांबलेली असते. तिच्यापर्यंत शिक्षणाने जावयास हवे.

पुण्याच्या संस्थेने २०१७ पासून निरनिराळ्या गावी अल्पमुदतीचे वर्ग सुरू केले, हे योग्य दिशेने पडलेले पाऊल होते. परंतु अल्पमुदतीच्या वर्गाने ओळख होते, पाया घातला जात नाही. पाया घालण्याचे काम एके काळी चित्रपट-मंडळांनी केले. मुंबईच्या प्रभात चित्र मंडळाने १९६८ पासून हे व्रत चालविले आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून जुन्या चित्रपटांची जपणूक करीत आले असून २०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. सतीश बहादूर व पी. के. नायर यांच्यासारख्या माणसांनी रसास्वादाचे वर्ग घेऊन देशभर जाणकार प्रेक्षक तयार केले. आज चित्रपट पाहण्याची साधने स्वस्त झाली आहेत, भ्रमणध्वनीवर छायाचित्रण करता येते. पण साधन हाती असणे आणि पाहावे कसे हे कोणी शिकविणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा तुटवडा कायम आहे.

या सर्वांतून काही निष्कर्ष निघतात. प्रवेश-परीक्षेचे शुल्क नाममात्र असावे आणि ठरावीक उत्पन्नाखालील उमेदवारांना ते पूर्णपणे माफ असावे. परीक्षेचे वर्णनात्मक उत्तर मराठीसह सर्व प्रमुख भारतीय भाषांत लिहिता यावे. चित्रपट ज्या भाषांत निघतात त्या भाषांत चित्रपटाविषयी विचार करता येत नाही, असे कोण म्हणेल? शिष्यवृत्ती शुल्कापुरती न राहता निर्वाहाचा खर्च भागविणारी असावी. बँकेचे नेहमीचे शैक्षणिक कर्ज या व्यवसायातील अनियमित मिळकतीला सोयीचे नसते. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून उच्च शिक्षणासाठी जी पद्धत स्वीकारली, तीनुसार मिळकत ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावरच परतफेड सुरू होते. तिचा विचार येथे करता येईल. शिवाय दरवर्षी अर्जदार व निवडलेले उमेदवार यांचे गाव, शिक्षणाचे माध्यम आणि कौटुंबिक उत्पन्न यांची गोषवारा-आकडेवारी संस्थांनी प्रसिद्ध करावी. ज्या गाळणीचा हिशेब ठेवला जात नाही ती सुधारता येत नाही.

शासनाने करावयाच्या गोष्टींची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. प्रत्येक महाविद्यालयात महिन्यातून दोन चित्रपट दाखवून त्यांवर तासभर चर्चा घडविणारे मंडळ चालविण्यास एक उत्साही प्राध्यापक, एक पडदा आणि एक खोली पुरते. अर्ज करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यानेही शिकवणीवर्गाच्या जाहिरातींमागे धावण्याऐवजी वर्षभर एक वही ठेवावी. पाहिलेल्या चित्रपटात कॅमेरा कोठे होता, आवाज कोठून आला, दृश्य नेमके कोठे तुटले, हे तीत मराठीतून का होईना लिहावे. बसस्थानकावरील दहा मिनिटे लक्षपूर्वक पाहून त्यांचे वर्णन करावे. एखादी कथा वाचून तिची दहा चित्रे काढून पाहावीत. एका वर्षी प्रवेश मिळाला नाही तरी ही वही वाया जात नाही. शिक्षक, पत्रकार किंवा नुसता जाणता प्रेक्षक झाला तरी ती उपयोगी पडते. पालकांनी एवढेच पाहावे की मुलापाशी अशी वही आहे काय. ती असेल तर मुलाच्या इच्छेला हौस म्हणून उडवून लावू नये, आणि नसेल तर केवळ झगमगाटाला भुलून होकारही देऊ नये.

१९६० मध्ये प्रभातच्या आवारात ही संस्था सुरू झाली तेव्हा एका बंद पडलेल्या स्टुडिओचा वारसा तिने स्वीकारला. त्या वारशात इमारती, तलाव आणि कलागृहे जशी होती, तशीच फाटक्या खिशाच्या हुन्नरी पोराला आत घेऊन माणूस करणारी एक रीतही होती. इमारतींचे जतन झाले आहे. त्या रीतीचे काय झाले, हे तपासण्याची जबाबदारी संस्थेइतकीच तिचा खर्च उचलणाऱ्या समाजाचीही आहे.